रुग्णवाहिका राज्याची हद्द ओलांडते तेव्हा: अमेरिकेच्या ईएमएस कॉम्पॅक्टखाली काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ब्रिस्टल हे गाव दोन राज्यांत आहे. त्याच्या मुख्य बाजारपेठेतल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध हद्द जाते आणि रस्त्यात बसवलेल्या पितळी खुणा ती दाखवतात. एका बाजूची दुकानं व्हर्जिनियात, समोरची टेनेसीत. टेनेसीच्या फुटपाथवर कुणी छाती धरून कोसळलं आणि सगळ्यात जवळची गाडी व्हर्जिनियाची असली, तर त्या गाडीतल्या पॅरामेडिकला (रुग्णवाहिकेवर प्रगत उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याला) रस्ता ओलांडून सुई टोचायचा अधिकार कुठून मिळतो? अमेरिकेत पॅरामेडिकचा परवाना राज्य देतं आणि तो त्या राज्यापुरताच चालतो. त्यामुळे सीमेवरच्या सेवांनी वर्षानुवर्षं दुहेरी परवाने, शेजारच्या राज्याशी केलेले छोटे समझोते किंवा स्थानिक कायद्यातले अपवाद यांवर भागवलं.

ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कॉम्पॅक्ट हा आंतरराज्य करार या अडचणीवरचा उपाय म्हणून आला. एका सदस्य राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य राज्यात नेमून दिलेलं काम करण्याची मुभा तो देतो. डॅलस, अटलांटा, डेन्व्हर, कॅन्सस सिटी या भागांतल्या मराठी घरांतली अनेक मुलं मेडिकल स्कूलला अर्ज करण्याआधी ईएमटीचा (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा) कोर्स करून रुग्णवाहिकेवर काम करतात; काहीजण पुढे पॅरामेडिक किंवा सेवेचे व्यवस्थापकही होतात. हा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि सीमेलगतची सेवा चालवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. कराराचं नाव निघालं की ‘आता कुठेही काम करता येतं’ एवढंच लोक ऐकतात. पण हद्द ओलांडली की देखरेख वाढते. एका राज्याच्या जागी दोन राज्यांचे अधिकारी तुमच्या कामाकडे पाहू लागतात, आणि हे समजून घेतल्याशिवाय गाडी पुलापलीकडे नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी कायद्याची बैठक

व्यवसायाचे परवाने देणं हा राज्यांचा अधिकार. १८८९ च्या डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या परवान्याबाबत तो मान्य केला. राज्यांनी एकमेकांशी करार करण्याचा विषय घटनेच्या पहिल्या कलमात येतो, आणि तिथे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीची अट आहे. मात्र १८९३ च्या व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी निकालापासून असं मानलं जातं की केंद्राच्या अधिकारावर कुरघोडी न करणाऱ्या करारांना ती संमती लागत नाही. तो खटला याच दोन राज्यांच्या हद्दीवरून झाला होता, हे ब्रिस्टलच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ईएमएस कॉम्पॅक्टचा मसुदा राज्यांच्या ईएमएस अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं तयार करवून घेतला. त्याला केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी खात्याचं साहाय्य होतं आणि कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्सचं मार्गदर्शन होतं. २०१५ मध्ये कोलोरॅडोनं तो पहिल्यांदा स्वीकारला. दहा राज्यांनी कायदा केला की करार अमलात येईल अशी अट होती. ८ मे २०१७ रोजी जॉर्जियाच्या राज्यपालांनी सही केली आणि ती पूर्ण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य आयोगाची पहिली बैठक झाली. प्रत्यक्षात मुभा सुरू झाली मार्च २०२० मध्ये, कोविडनं रुग्णालयं भरू लागली तेव्हा. आज वीसहून अधिक राज्यं सदस्य आहेत.

प्रत्येक सदस्य राज्याच्या विधिमंडळानं हाच मजकूर स्वतःचा कायदा म्हणून मंजूर केलेला असतो. म्हणून करार वाचायचा तर आपल्या राज्याच्या संहितेत वाचावा. पंधरा कलमं आहेत, भाषा सरळ आहे, तासाभरात वाचून होतात. सेवेच्या प्रमुखानं हा तास काढायलाच हवा.

पहिली पायरी: दोन्ही राज्यं सदस्य आहेत ना?

कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यांसारखी मोठी राज्यं करारात नाहीत. मुभा चालते ती फक्त सदस्य राज्याकडून सदस्य राज्यात. रुग्णाला तिसऱ्या राज्यात सोडायचं असेल तर तेही सदस्य हवं. आयोगाच्या संकेतस्थळावर चालू यादी असते. ती वर्षातून एकदा पाहून विसरू नका, कारण विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनानंतर ती बदलू शकते. शिवाय राज्यानं कायदा केला म्हणजे लगेच अंमल सुरू झाला असं नसतं. मधे तयारीचा काळ जातो. यादीत ‘कायदा मंजूर’ आणि ‘अंमल सुरू’ यांतला फरक बघा.

मार्गावरचं एखादं राज्य सदस्य नसेल, तर तिथला परवाना, अपवाद किंवा स्वतंत्र समझोता शोधावा लागेल. कॉम्पॅक्ट तिथे काहीही मदत करत नाही.

दुसरी पायरी: ती व्यक्ती पात्र आहे का?

अटी तीन आहेत. वय किमान १८. सदस्य राज्याचा चालू आणि निर्बंध नसलेला परवाना. आणि मेडिकल डायरेक्टरच्या (सेवेच्या जबाबदार डॉक्टरच्या) देखरेखीखाली काम. परवाना ईएमटी, अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटी किंवा पॅरामेडिकचा हवा. ईएमटी आणि पॅरामेडिक यांच्या दरम्यानची एखादी पातळी राज्यानं मान्य केली असेल तर तीही चालते. इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर ही त्याखालची पातळी करारात येत नाही. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या नर्सचा प्रश्नही वेगळा, त्यांचा स्वतःचा करार आहे.

नर्सिंगच्या करारात तुम्ही राहता कुठे याला महत्त्व आहे. ईएमएसमध्ये तसं नाही. ज्या सदस्य राज्यानं परवाना दिला, ते तुमचं मूळ राज्य. घर कुठेही असो. एखादा तरुण सदस्य नसलेल्या राज्यात आईवडिलांकडे राहत असेल आणि त्याच्याकडे व्हर्जिनियाचा परवाना असेल, तर त्याचं मूळ राज्य व्हर्जिनिया. हे अनेकांना माहीत नसतं आणि त्यामुळे पात्र माणसंही मागे राहतात.

मूळ राज्यावरही अटी आहेत, आणि कराराचा सगळा विश्वास त्यांवर उभा आहे. ईएमटी आणि पॅरामेडिकचा पहिला परवाना देताना ईएमएस कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेची परीक्षा घेणं, तक्रारी स्वीकारून त्यांची चौकशी करण्याची यंत्रणा ठेवणं, कारवाई झाली की आयोगाला कळवणं, आणि ठरलेल्या मुदतीत बोटांच्या ठशांवरून एफबीआयकडून गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी सुरू करणं. टेनेसीनं व्हर्जिनियाचा परवाना डोळे मिटून मानायचा नाही. व्हर्जिनियानं अमुक गोष्टी तपासल्या आहेत हे कायद्यानं ठरलेलं आहे, म्हणून मानायचा.

पडताळणी करणं सोपं आहे. राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडून प्रत्येकाला बारा अंकी राष्ट्रीय ईएमएस क्रमांक मिळतो आणि आयोगाच्या समन्वित डेटाबेसमध्ये परवान्याची व मुभेची स्थिती दिसते. माझा आग्रह असा की सेवेनं हे नोकरी देताना एकदा तपासून थांबू नये. कर्मचाऱ्याला सीमेपलीकडच्या कामावर नेमण्यापूर्वी तपासावं, मग ठरावीक काळानं पुन्हा पाहावं, आणि तपासल्याची तारीख नोंदवून ठेवावी.

तिसरी पायरी: हद्द ओलांडण्याचं कारण काय?

मुभा फक्त नेमून दिलेल्या कामासाठी आहे, आणि काम नेमून देणारा अधिकृत असायला हवा. सुट्टीच्या दिवशी मित्राकडे शेजारच्या राज्यात गेलेला पॅरामेडिक रस्त्यावरचा अपघात पाहून थांबला, तर तो कॉम्पॅक्टखाली काम करत नसतो. त्याला संरक्षण मिळालंच तर त्या राज्याच्या मदतकर्त्यांसाठीच्या कायद्यातून मिळेल, आणि तो कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे.

करारात चार प्रसंग लिहिलेले आहेत. पहिला: रुग्ण मूळ राज्यात घेतला आणि परराज्यात नेला. उत्तर जॉर्जियातल्या खेड्यातून टेनेसीतल्या चॅटानूगाच्या ट्रॉमा सेंटरला जाणारी गाडी या प्रकारातली. दुसरा: परराज्यात जाऊन रुग्ण घेतला आणि मूळ राज्यात आणला. तिसरा: परराज्यात जाऊन तिथल्या तिथेच उपचार केले किंवा तिथल्याच रुग्णालयात नेलं. चौथा: परराज्यातून रुग्ण घेऊन तिसऱ्या सदस्य राज्यात पोचवला, हवाई रुग्णवाहिकांना हे वारंवार करावं लागतं. याशिवाय आयोग नियमांनी आणखी प्रसंग जोडू शकतो.

पहिल्या दोन प्रकारांत सहसा कुणी अडत नाही. जपायचं ते तिसऱ्यात. गाडी परराज्यातच उभी, रुग्ण तिथला, रुग्णालय तिथलं. अशा वेळी ‘मला कुणी पाठवलं?’ या प्रश्नाचं उत्तर कागदावर हवं. म्हणून डिस्पॅचच्या (गाड्या पाठवणाऱ्या कक्षाच्या) नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: विनंती कुणाकडून आली, ती कुणी मान्य केली, आणि हद्द कितीला ओलांडली. रात्रीच्या पाळीत हे लिहायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण दोन वर्षांनी वकील विचारतो तेव्हा आठवण उपयोगी पडत नाही, नोंद पडते.

मुभा ही कायमच्या स्थलांतरासाठीची पळवाटही नाही. हा करार केला तो राज्यांच्या हद्दींपलीकडच्या रोजच्या जाण्यायेण्यासाठी. बिऱ्हाड हलवून, नव्या राज्यात नोकरी धरून वर्षानुवर्षं तिथेच काम करायचं असेल, तर त्या राज्याचा परवाना काढावा आणि त्या राज्याच्या ईएमएस कार्यालयाला आधीच विचारावं.

चौथी पायरी: डॉक्टर कोण आणि काय करायची परवानगी आहे?

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागेल. आपल्याकडे १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो. अमेरिकेत बहुतेक गाड्यांवर नसतो. पॅरामेडिक एकटा निर्णय घेतो, हृदयाचा झटका ओळखतो, श्वासनलिकेत नळी टाकतो, औषधं देतो. हे सगळं एका दूर बसलेल्या डॉक्टरच्या लेखी प्रोटोकॉलवर आणि गरज पडल्यास फोनवरच्या आदेशावर चालतं. तो डॉक्टर म्हणजे मेडिकल डायरेक्टर. तोच सुटला तर मुभाही सुटली, इतकं हे पद महत्त्वाचं आहे.

नियम असा: परराज्यात तुम्ही मूळ राज्यानं मान्य केलेल्या कार्यकक्षेत, म्हणजे कोणते उपचार करायचे त्या मर्यादेत, काम करता, पण परराज्याच्या अधिकृत यंत्रणेनं त्यात बदल केला तर तो बदल लागू होतो. कार्यकक्षा सोडून बाकी सगळ्या बाबतींत परराज्याचा कायदा आणि परराज्याचा अधिकार तुमच्यावर चालतो. प्रत्यक्षात गोंधळ होतो तो या दुसऱ्या वाक्यात. लोक औषधांची यादी तोंडपाठ करतात आणि पुढचं विसरतात.

माझ्या मते मेडिकल डायरेक्टरनं प्रत्येक शेजारी राज्यासाठी दोन-तीन पानांचं टिपण तयार करावं. त्यात काय असावं? अल्पवयीन रुग्णाच्या संमतीचे तिथले नियम. उपचार नाकारणाऱ्या रुग्णाची सही कशी घ्यायची. पुनरुज्जीवन करू नये असा आदेश तिथे कोणत्या नमुन्यावर चालतो, आणि आपल्या राज्याचा कागद तिथे मानतात का. घटनास्थळी मृत्यू कोण जाहीर करू शकतं. मुलांवरील किंवा वृद्धांवरील अत्याचाराचा संशय आला तर कुणाला आणि किती वेळात कळवायचं. मानसिक आजाराच्या रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध नेण्याचा अधिकार कुणाला. आणि मेडिकल कंट्रोलचा, म्हणजे डॉक्टरचा फोनवरचा, आदेश हवा असेल तर फोन कोणत्या डॉक्टरला करायचा. परराज्यातल्या रुग्णालयाचा डॉक्टर आपल्या पॅरामेडिकला आदेश देऊ शकतो का, हा प्रश्न शांत दिवशी सोडवून ठेवावा. रुग्णाचा रक्तदाब कोसळत असताना त्यावर खल करायला कुणाकडेच वेळ नसतो.

परवान्याच्या पातळ्यांची नावं राज्यांत सारखी असली तरी अधिकार तंतोतंत सारखे नसतात. केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं प्रसिद्ध केलेला राष्ट्रीय कार्यकक्षा नमुना आहे, २०१९ मध्ये तो नव्यानं आला. पण तो नमुनाच. राज्यं त्यात भर घालतात किंवा कमी करतात. म्हणून आपल्या अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटीला शेजारच्या राज्यात त्याच नावाच्या माणसाइतकंच करता येतं असं गृहीत धरू नका.

हा विचार आपल्याकडेही करण्यासारखा आहे. सावंतवाडी, दोडामार्गचे गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला जातात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा आणल्या, आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञही आहेत. या व्यवसायाची नोंदणी नीट रुजत असतानाच हद्दीपलीकडच्या देखरेखीचे प्रश्न विचारले गेले, तर पुढची दुरुस्ती वाचेल.

पाचवी पायरी: माणसाला मुभा आहे, गाडीला आणि औषधांना नाही

कॉम्पॅक्ट व्यक्तीच्या परवान्याबद्दल बोलतो. रुग्णवाहिका सेवेचा परवाना, गाडीची तपासणी, सेवाक्षेत्राचे हक्क यांबद्दल तो गप्प आहे. शेजारच्या राज्यात नियमितपणे रुग्ण उचलायचे असतील, तर सेवेला तिथला परवाना लागतो का हे त्या राज्याच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं. व्यवस्थापकांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते: पॅरामेडिक पूर्ण कायदेशीर, आणि तो ज्या गाडीत बसलाय ती मात्र बेकायदा.

फेंटॅनिल, मॉर्फिन, केटामीन, मिडाझोलाम या नियंत्रित औषधांचा कायदा केंद्राचा. २०१७ च्या केंद्रीय कायद्यानं ईएमएस सेवांना मेडिकल डायरेक्टरच्या कायम आदेशावर ही औषधं देण्याची स्पष्ट परवानगी दिली आणि सेवेला प्रत्येक ठाण्यासाठी वेगळी नोंदणी न करता राज्यासाठी एक नोंदणी करण्याची सोय केली. पण ती राज्यागणिक आहे. दोन राज्यांत काम करणाऱ्या सेवेनं हा विषय अंमली औषध नियंत्रण प्रशासन आणि दोन्ही राज्यांच्या नियामकांपुढे मांडून, उत्तर फायलीत ठेवून मगच पेटी हद्दीपलीकडे न्यावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा राज्यागणिक चालतो, त्यामुळे बिलासाठी त्या राज्यात वेगळी नोंदणी लागू शकते. कामावरच्या इजेच्या भरपाईचा विमा आणि वैद्यकीय निष्काळजीपणाचा विमा परराज्यातल्या घटनेला लागू पडतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. एजंटचा फोनवरचा होकार पुरेसा नाही.

सहावी पायरी: तक्रार आली तर

कर्मचाऱ्यांना हा भाग समजावून सांगणं मी नेतृत्वाचं पहिलं कर्तव्य मानतो, कारण इथे एका माणसाची उपजीविका पणाला लागते.

समजा कॅन्ससचा परवाना असलेल्या पॅरामेडिकविरुद्ध मिझुरीत तक्रार झाली. मिझुरी त्याचा परवाना रद्द करू शकत नाही. मूळ परवान्यावर कारवाईचा अधिकार फक्त कॅन्ससचा. पण मिझुरी आपल्या हद्दीतली त्याची मुभा मर्यादित, स्थगित किंवा रद्द करू शकतं, आणि त्यासाठी मिझुरीला स्वतःच्या कायद्यानुसार योग्य प्रक्रिया पाळावी लागते. अशी कारवाई केली की मिझुरीनं कॅन्ससला आणि आयोगाला ताबडतोब कळवायचं असतं.

याचा परिणाम मिझुरीपुरता राहत नाही. एका परराज्यात मुभेवर निर्बंध आला, की तो उठेपर्यंत सर्वच परराज्यांत मुभा थांबते. आणि कॅन्ससनंच परवान्यावर निर्बंध घातला किंवा तो स्थगित केला तर सगळीकडची मुभा निष्क्रिय होते. मूळ राज्याच्या आदेशात तसं लिहिणं बंधनकारक आहे. त्यातही एक दार उघडं ठेवलेलं आहे: मूळ राज्य आणि परराज्य या दोघांच्या ईएमएस यंत्रणांनी आधी लेखी परवानगी दिली तर काम करता येतं.

चौकशीचं काय? मिझुरीतलं वर्तन कॅन्ससमध्येच घडलं असं समजून कॅन्ससला चौकशी करावी लागते, आणि कारवाई कोणती करायची हे कॅन्ससच्या कायद्यावर ठरतं. कोणतंही सदस्य राज्य दुसऱ्या सदस्य राज्यानं शोधलेल्या तथ्यांच्या आधारे मुभेवर कारवाई करू शकतं, फक्त प्रक्रिया स्वतःची पाळायला हवी. साक्षीदारांना आणि कागदपत्रांना समन्स काढण्याचा अधिकारही हद्दीपलीकडे चालतो. ते दुसऱ्या राज्याचं न्यायालय अमलात आणतं आणि साक्षीदाराचा खर्च समन्स काढणारं राज्य भरतं. म्हणजे ‘ते प्रकरण पलीकडचं होतं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

व्यसनमुक्ती किंवा तत्सम पर्यायी कार्यक्रमात गेलेल्या कर्मचाऱ्याबद्दल करार विचारानं लिहिलेला आहे. राज्याच्या कायद्यानं अशा कार्यक्रमाची गोपनीयता राखली असेल तर करार ती मोडत नाही. मात्र कार्यक्रमाच्या काळात त्या माणसानं दुसऱ्या राज्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तिथे काम करायचं नाही. इथे वरिष्ठानं संवेदनशीलतेनं वागावं. त्या सहकाऱ्याला सीमेपलीकडच्या फेऱ्यांमधून वगळताना कारण फलकावर लावू नये.

तक्रार कळली त्या दिवशी काय करावं: डिस्पॅचची नोंद, रुग्णाची केस शीट, फोनचं रेकॉर्डिंग सुरक्षित ठेवा. नंतर कशातही खाडाखोड करू नका. मेडिकल डायरेक्टरला कळवा. दोन्ही राज्यांच्या नोटिसांच्या मुदती वेगवेगळ्या लिहून ठेवा, कारण एका राज्याला उत्तर दिलं म्हणजे दुसऱ्याला दिलं असं होत नाही. आणि कर्मचाऱ्यानं स्वतःचा वकील घ्यावा. सेवेचा वकील सेवेचं हित पाहतो.

सातवी पायरी: आयोग ओळखा आणि त्याच्याशी बोला

या सगळ्यावर देखरेख करतो तो आंतरराज्य ईएमएस कर्मचारी व्यवसाय आयोग, लोक त्याला सरळ आयोग म्हणतात. हे केंद्र सरकारचं खातं नाही. सदस्य राज्यांनी मिळून उभी केलेली सार्वजनिक संस्था आहे. प्रत्येक राज्याचा एक प्रतिनिधी असतो, आणि तो त्या राज्याच्या ईएमएस यंत्रणेचा प्रमुख किंवा त्यानं नेमलेली व्यक्ती असते. टेक्सस असो की वायोमिंग, मत एकच. वर्षातून किमान एक बैठक व्हायलाच हवी. बैठका खुल्या असतात. चौकशी, खटले, कर्मचारी यांसारख्या मोजक्या विषयांसाठीच त्या बंद दाराआड घेता येतात. खर्चासाठी राज्यांकडून वार्षिक वर्गणी घेता येते आणि हिशेब दरवर्षी तपासले जातात.

आयोगाच्या नियमांना कायद्याचं बळ असतं, म्हणून ते कसे बनतात हे सेवाप्रमुखाला माहीत हवं. नियम मंजूर होण्याच्या किमान ६० दिवस आधी मसुदा जाहीर करावा लागतो. कुणीही लेखी मत पाठवू शकतं. किमान २५ व्यक्तींनी, एखाद्या सरकारी संस्थेनं किंवा किमान २५ सभासद असलेल्या संघटनेनं मागणी केली, तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. पंचवीस हा आकडा फार मोठा नाही: एका मध्यम आकाराच्या सेवेच्या दोन पाळ्यांतली माणसं एकत्र आली तरी भरतो. तातडीचा नियम आधी लागू करता येतो, पण नेहमीची प्रक्रिया पुढच्या ९० दिवसांत पूर्ण करावी लागते. आणि सदस्य राज्यांपैकी बहुसंख्य विधिमंडळांनी कायदा करून एखादा नियम नाकारला, तर तो कुठल्याही सदस्य राज्यात चालत नाही.

मत पाठवताना ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्यावर थांबू नका. नियमाचं कलम लिहा, आपल्या भागात ते कुठे अडेल हे एका खऱ्या फेरीच्या उदाहरणानं सांगा, रुग्णाची ओळख मात्र काढून टाका, आणि बदलाचे नेमके शब्द सुचवा. तीच प्रत आपल्या राज्याच्या प्रतिनिधीला द्या, कारण मत शेवटी त्याचं आहे.

आपत्ती आणि सैनिक

चक्रीवादळ, वणवा, पूर अशा वेळी राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली आणि राज्यांमधला आपत्कालीन साहाय्य करार लागू झाला, तर त्याच्या अटी चालतात. दोन करारांत विरोध आला तर आपत्कालीन साहाय्य करार वरचढ ठरतो. त्याला काँग्रेसनं १९९६ मध्येच मान्यता दिलेली आहे. त्यामुळे लुइझियानात वादळासाठी पथक पाठवताना ते कोणत्या कराराखाली चाललंय हे निघण्यापूर्वी राज्याच्या आपत्ती कार्यालयाकडून लेखी घ्या. खर्चाची भरपाई आणि दायित्व दोन्ही त्यावर ठरतं.

सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी, निवृत्त सैनिकांसाठी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी वेगळं कलम आहे. त्यांच्याकडे राष्ट्रीय नोंदणी संस्थेचं चालू, निर्बंधरहित प्रमाणपत्र योग्य पातळीचं असेल, तर सदस्य राज्यानं किमान प्रशिक्षण आणि परीक्षेची अट पूर्ण झाली असं मानायचं आणि अर्ज लवकर निकाली काढायचा. अर्जावर हे कलम स्वतःहून नमूद करावं. खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

एखादं राज्य बाहेर पडलं तर

राज्याला करारातून बाहेर पडायचं असेल तर विधिमंडळाला आपला कायदा रद्द करावा लागतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी ते बाहेर पडतं. राज्य आपली कर्तव्यं पाळत नसेल तर आयोग आधी लेखी कळवतो, सुधारणेसाठी मदत देऊ करतो, आणि तरीही फरक पडला नाही तर सदस्य राज्यांच्या बहुमतानं त्याचं सदस्यत्व संपवू शकतो. त्याची सूचना राज्यपालांना आणि विधिमंडळातल्या दोन्ही बाजूंच्या नेत्यांना जाते. त्या राज्याला केंद्रीय न्यायालयात दाद मागता येते.

सीमेवरच्या सेवेला याचा अर्थ असा की शेजारच्या विधिमंडळात रद्द करण्याचं विधेयक आलं, की त्याच आठवड्यात कामाला लागावं. कोणते कर्मचारी नियमितपणे तिकडे जातात त्यांची यादी काढा, त्यांचे त्या राज्याच्या परवान्याचे अर्ज भरायला घ्या, ठशांच्या तपासणीला लागणारे आठवडे मोजा, आणि सहा महिने संपल्यानंतर पहिल्या रात्री पुलापलीकडून फोन आला तर कोणती गाडी आणि कोणती जोडी निघेल ते नावांसकट लिहून डिस्पॅचच्या टेबलावर ठेवा.